रात्री नऊची गोळी



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३५.

अर्जुनाची तक्रार आपल्या सगळ्यांचीच आहे. मन आवरणं त्याला वारा धरून ठेवण्याइतकं अवघड वाटतं. भगवंत त्याला रागावत नाहीत. मन चंचल आहे हे ते आधी मान्य करतात, आणि मग दोन साधनं सांगतात: अभ्यास आणि वैराग्य.

'अभ्यास' म्हटलं की आपल्याला परीक्षा आठवते. इथे अर्थ आहे, तीच गोष्ट रोज करत राहणं, मन लागो न लागो. मला हा शब्द पोथीपेक्षा एका गोळीने जास्त शिकवला.

मी सहा वर्षं एचआयव्हीसह जगतोय. इथे हे पहिल्यांदाच लिहितोय.

रोज रात्री हरिपाठ झाला की नऊ वाजता एक गोळी. तिच्यात तीन औषधं असतात: टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर. सरकारी एआरटी केंद्रात ती मोफत मिळते. आपल्याकडे ही मोफत सोय २००४ पासून आहे. औषध विषाणूची वाढ रोखतं, पण त्याला मुळासकट काढत नाही. काही पेशींमध्ये तो झोपून राहतो. गोळी थांबली की पुन्हा जागा होतो. काम-क्रोधाचं तरी वेगळं काय असतं?

हे सगळं माहीत असूनही मी एकदा घसरलो. दुसऱ्या वर्षी रिपोर्ट छान आला होता, व्हायरल लोड चाचणीत दिसत नव्हता. त्याच सुमारास एका सत्संगात ऐकलं की खऱ्या भक्ताला औषधाची गरजच काय! बोलणाऱ्याला माझ्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. पण मला तेच ऐकायचं होतं. गोळी सोडली, आणि त्याला मी 'वैराग्य' असं नाव दिलं. दोन-अडीच महिने काहीच त्रास झाला नाही. मग तपासणी झाली. व्हायरल लोड पुन्हा वाढला होता.

केंद्रातल्या समुपदेशक ताई ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "दादा, आज रात्रीपासून सुरू करू या का?" नशिबाने औषध पुन्हा लागू पडलं. विषाणू औषधाला दाद देईनासा झाला असता, तर पुढची वाट कठीण होती.

त्या रात्री सहावा अध्याय पुढे वाचला. अर्जुनाची पुढची शंका हीच आहे: जो श्रद्धेने निघाला पण वाटेत घसरला, त्याचं काय? भगवंत त्याला धीर देतात की अशा माणसाचा नाश होत नाही. म्हणजे चुकलेला दिवसही अभ्यासाच्या बाहेरचा नाही. परत बसणं हाच अभ्यास.

आणि वैराग्य? ते गोळी सोडण्यात नव्हतंच. 'मी पूर्वीसारखाच व्हायला हवा' हा हट्ट सोडायचा होता. तो अजून पूर्ण सुटलेला नाही.

आता माझा रिपोर्ट पुन्हा चांगला आहे. नियमित औषधाने व्हायरल लोड चाचणीत न दिसण्याइतका खाली राहिला, तर शरीरसंबंधातूनही दुसऱ्याला संसर्ग होत नाही. एका ताटात जेवण्यातून, प्रसादातून, वारीतल्या उराउरी भेटीतून तर तो कधीच होत नव्हता. तरी लोक हात मागे घेतात. म्हणूनच २०१७ च्या कायद्याने भेदभावाला मनाई केली आहे, आणि आपली स्थिती कुणाला सांगायची हे ठरवण्याचा हक्क साधारणपणे त्या माणसाकडेच ठेवला आहे. तुम्हाला कुणी विश्वासाने सांगितलं, तर ते तुमच्यापाशीच राहू द्या.

देवावर भरवसा आहे, मग गोळी कशाला, असं कुणी विचारलं तर मी सांगतो, ती गोळी वेळेवर घ्यायची बुद्धी कुणी दिली असं वाटतं तुम्हाला?

आजचा संकल्प: आपल्या घरात कुणाची तरी रोजची गोळी असतेच. बीपीची, शुगरची, मनाच्या आजाराची. आज उपदेश नको. फक्त पाण्याचा पेला भरून त्यांच्या हातात द्या.

नऊ वाजत आले. उठतो.

राम कृष्ण हरी!