गाणं तेच, गळा कुणाचा?

२०२५च्या जानेवारीत ‘संगीत मानापमान’ मोठ्या पडद्यावर आला आणि आमच्याकडे ठरलेला शिमगा सुरू झाला. खाडिलकरांच्या १९११ सालच्या नाटकाला हात लावायची हिंमत झालीच कशी, इथपासून नव्या पिढीच्या कानावर नाट्यपदं पडणार तरी कशी, इथपर्यंत दोन्ही बाजूंनी यथेच्छ बोंबाबोंब झाली. त्या गदारोळात आमच्या एका ज्येष्ठ समीक्षक मित्रांनी सिद्धान्त मांडला की संगीत नाटकात पदाची जागा ठरलेली असते. ती हलवली की नाटक मेलं. दाखला म्हणून त्यांनी स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘वेस्ट साइड स्टोरी’ला (२०२१) झोडपून काढलं. रॉबर्ट वाइज आणि जेरोम रॉबिन्स यांचा १९६१चा चित्रपट मूळ नाटकाशी इमान राखून होता आणि स्पीलबर्गनं सगळी उलथापालथ केली, असं त्यांचं म्हणणं. ‘मानापमान’वर बोलायला इतर पुष्कळ आहेत. मला हा दाखला सोडवत नाही, कारण तो साफ उलटा आहे.

‘वेस्ट साइड स्टोरी’ हे नाटक ब्रॉडवेवर आलं १९५७च्या सप्टेंबरात. त्यात ‘कूल’ पहिल्या अंकात, दोन टोळ्यांच्या मारामारीच्या आधी होतं आणि पोलिसांची टर उडवणारं ‘गी, ऑफिसर क्रप्की’ दुसऱ्या अंकात, दोन मुडदे पडल्यानंतर. १९६१च्या चित्रपटानं या दोघांची सरळ अदलाबदल केली. ‘आय फील प्रिटी’नं दुसरा अंक उघडायचा, ते गाणं उचलून खुनांच्या आधी नेऊन ठेवलं. ‘समव्हेअर’ रंगमंचावर एक मुलगी विंगेतून गायची. पडद्यावर त्याचं नायक-नायिकेचं युगुलगीत झालं. पुढे चित्रपटाला दहा ऑस्कर मिळाली आणि या सगळ्या फेरफारांना ‘मूळ’ म्हणायची सोय झाली. स्पीलबर्ग आणि त्याचा पटकथाकार टोनी कुशनर यांनी त्यातली दोन गाणी, ‘कूल’ आणि ‘आय फील प्रिटी’, मारामारीच्या मूळ बाजूला परत नेली. आमच्या मित्रांनी ज्याला बाटगा ठरवलं तो या दोन गाण्यांपुरता तरी सोवळ्यातलाच निघाला.

पण मला क्रमाच्या शुद्धतेत रस नाही. गाणं हलवल्यावर काय घडतं, ते पाहायला हवं. ‘आय फील प्रिटी’च घेऊ. हे गाणं लिहिणारा स्टीफन सॉन्डहाइम तेव्हा २७ वर्षांचा होता आणि पुढे आयुष्यभर त्यानं स्वतःच्या या गाण्याला नावं ठेवली. त्याचा आक्षेप नेमका होता. नुकतीच पोर्तो रिकोहून आलेली, इंग्रजी अजून जिभेवर न रुळलेली मारिया, आणि तिच्या तोंडी आतली यमकं जुळवणारी, शब्दांशी लडिवाळ खेळणारी भाषा! ही पोरगी नोएल कावर्डच्या दिवाणखान्यातही शोभली असती, असं तो चेष्टेनं म्हणायचा. शेल्डन हार्निक या गीतकारमित्रानं खटकल्याचं सुचवल्यावर त्यानं साधं रूप लिहूनही पाहिलं, पण बाकीच्या मंडळींना ते रुचलं नाही, आणि जुनंच राहिलं. आपल्या लोकप्रिय गाण्याला इतक्या थंडपणे उभं चिरणारा दुसरा गीतकार मला माहीत नाही. आपल्याकडे तर पदाला वन्समोअर मिळाला की नाटककारसुद्धा त्याचा बचाव करायला उभा राहतो.

सॉन्डहाइमचा आक्षेप शब्दांवर होता. कुशनर आणि स्पीलबर्गनं एक अक्षर न बदलता त्याला उत्तर दिलं. त्यांची मारिया गिंबल्स या बड्या दुकानात रात्रपाळीला साफसफाई करते. दुकान बंद झालंय, गिऱ्हाइकं घरी गेलीत, आणि या सगळ्या पोर्तो रिकन बायका महागड्या मालामधून आपापलं काम उरकतायत. मारिया तिथला एखादा स्कार्फ अंगावर घेते, पुतळ्यांच्या मधून मिरवते, आरशात पाहते, गाते. आता ती नटवी भाषा खटकत नाही, कारण ती दुकानाचीच भाषा आहे. जो माल तिला विकत घेता येणार नाही तो ती क्षणभर अंगावर घालून पाहते, आणि त्याबरोबर ते इंग्रजीही. शिवाय तिचा भाऊ बर्नार्डो मेलाय, मारणारा तिचाच प्रियकर टोनी आहे, हे आपल्याला ठाऊक आहे आणि तिला नाही. १९६१मध्ये तेच गाणं लग्नाच्या कपड्यांच्या दुकानात, सगळं आलबेल असताना येतं आणि नुसतंच गोड वाटतं.

‘कूल’चंही असंच. नाटकात ते टोळीचा म्होरक्या रिफ पोरांना शांत करायला गातो. इथे टोनी ते रिफला उद्देशून गातो, मोडक्या, भोकं पडलेल्या धक्क्यावर, आणि दोघांच्या मध्ये आहे रिफनं मिळवलेलं पिस्तूल. पिस्तूल हिसकावण्याची झटापट म्हणजेच नाच. थंड राहा असं सांगणारं गाणं एवढं गरम मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

जाता जाता स्पीलबर्गच्या चित्रपटाच्या सुरुवातीचंही सांगायला हवं. कॅमेरा पाडापाडीच्या ढिगाऱ्यावरून सरकतो आणि लिंकन सेंटर उभं राहणार असल्याची पाटी दिसते. गरिबांची वस्ती पाडून कलेचं मंदिर! जुन्या चित्रपटातली काही दृश्यं त्याच पाडायच्या गल्ल्यांत चित्रित झाली होती. आणि २०२१च्या चित्रपटात जो न्यूयॉर्क फिलहार्मोनिक वाद्यवृंद वाजवतो, त्याचं घर लिंकन सेंटरमध्येच आहे. गिरण्यांच्या जागी मॉल पाहिलेल्या मुंबईकराला हा विनोद समजावून सांगायला नको.

इथवर मी रचनेच्या बाजूनं बोलत आलो: गाणी हलवा, पात्रं बदला, नाटक मरत नाही. पण या चित्रपटातला सर्वांत मोठा क्षण या युक्तिवादाला जुमानत नाही. औषधाच्या दुकानाचा मालक डॉक याच्या जागी कुशनरनं त्याची विधवा व्हॅलेंटिना आणली आणि ती भूमिका रीटा मोरेनोला दिली. मोरेनो म्हणजे १९६१ची अनीता, बर्नार्डोची प्रेयसी, आणि त्याच भूमिकेसाठी ऑस्कर मिळवणारी. नव्या अनीतावर, म्हणजे अरियाना डिबोसवर, त्याच दुकानात पोरं तुटून पडतात तेव्हा व्हॅलेंटिना मध्ये पडून ते थांबवते. जिच्यावर साठ वर्षांपूर्वी हा प्रसंग ओढवला होता तीच आता तो अडवते. पुढे ‘समव्हेअर’ही तीच गाते. जुना चित्रपट न पाहिलेल्याला इथे एक भली म्हातारी दिसेल, बस्स. म्हणजे नवी कलाकृती जुन्या आठवणीच्या जिवावर उभी आहे, आणि आठवण जपणाऱ्या सनातन्यांशिवाय तिचं भागत नाही. आमच्या मित्रांना एवढं द्यायलाच हवं.

मात्र त्या आठवणीत एक खोट आहे, आणि ती त्यांनी लपवली. १९६१चा चित्रपट उसन्या गळ्यांचा होता. मारिया झालेल्या नॅटली वुडनं आपली गाणी रेकॉर्ड केली होती. ती बाजूला ठेवून मार्नी निक्सनचा आवाज लावला. टोनी झालेल्या रिचर्ड बेमरसाठी जिमी ब्रायंट गायला. खुद्द मोरेनोनं ‘अमेरिका’ स्वतः गायलं, पण ‘अ बॉय लाइक दॅट’मध्ये तिच्या ओठांवर बेटी वँडचा आवाज आहे. त्यावर पोर्तो रिकन म्हणून शोभावी यासाठी पोर्तो रिकोतच जन्मलेल्या बाईच्या तोंडाला गडद रंग फासला! वयाच्या ८७व्या वर्षी ती कॅमेऱ्यासमोर ‘समव्हेअर’ गायली, तेव्हा तो कंपणारा, कुठेकुठे विरणारा आवाज तिचा स्वतःचा होता. नव्या चित्रपटात सगळेच आपापल्या गळ्यानं गातात. टोनी झालेल्या अ‍ॅन्सेल एल्गॉर्टच्या गळ्यात फार काही नाही, हेही मग ऐकून घ्यावं लागतं. मला ते चालतं. रेचल झेग्लरची मारिया त्याच्यापेक्षा कितीतरी सुरेल आहे, आणि त्या विषमतेतही दोन माणसं गातायत हे कळतं.

स्वतःच्या गळ्याचा हाच निकष ‘कट्यार काळजात घुसली’ला लावून पाहावा. १९६७ साली दारव्हेकरांच्या शब्दांना अभिषेकींचं संगीत लाभलं आणि वसंतराव देशपांडे खाँसाहेब झाले. त्या नाटकाचा विषयच गळा आहे: कुणाचा श्रेष्ठ, तो कुणाकडून उचलला, त्यासाठी कोण कुठल्या थराला जातं. वसंतराव तान घ्यायचे तेव्हा खाँसाहेबांचा माज आणि गवयाचा दम एकाच छातीतून निघायचा. पुनरुज्जीवित प्रयोगांत त्यांचे नातू राहुल देशपांडे खाँसाहेब म्हणून आणि महेश काळे सदाशिव म्हणून उभे राहून गात. मग २०१५चा चित्रपट आला. दोन्ही गळे त्यानं ठेवून घेतले आणि चेहरे बदलले. राहुलच्या आवाजावर सचिन पिळगावकर, महेशच्या आवाजावर सुबोध भावे. महेश काळेंना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. सचिननी काम मेहनतीनं केलंय, पण तान वर चढताना माझी नजर त्यांच्या मानेच्या शिरांकडे जाते, आणि तिथे काहीच घडत नसतं.

चित्रपटाला चेहरा लागतो, गवयाला अभिनय येत नाही, असं निर्माते सांगतात. २०२२मध्ये ‘मी वसंतराव’ आला. त्यात राहुल देशपांडे आजोबांची भूमिका करतात आणि गातातही. म्हणजे २०१५ साली तो चेहरा हाताशीच होता.