लायक, नालायक आणि घरमालक

भाड्याने जागा शोधायला निघालेल्या माणसाइतका संशयित प्राणी या भूतलावर दुसरा नाही. नोकरी कुठे? पगार किती? लग्न झालंय का? नसेल तर का नाही, आणि असेल तर मुलं भिंतींवर रेघोट्या ओढतात का? घरात मासळी शिजते का? आडनावावरून जे कळत नाही ते गाव विचारून काढून घेतात. मग आधार कार्ड, फोटो, ओळखीच्या दोघांची नावं आणि शेवटी पोलिसांकडे द्यायची माहिती. एवढे सोपस्कार पार पडल्यावर जो करार होतो, त्याचं नाव ‘लीव्ह अँड लायसन्स’. म्हणजे मालक लायसन्स देणार आणि आपण ते घेणार; तेही बहुधा 11 महिन्यांचं. कुत्र्याचं लायसन्ससुद्धा वर्षाचं असतं हो!

मी बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलो, तेव्हापासून भाडेकरूच आहे. त्यामुळे लायसन्स ही घेणाऱ्याने घ्यायची चीज, अशी माझी पक्की समजूत. तिला परवा पुतण्याने सुरुंग लावला. हा लंडनच्या पूर्व भागात, न्यूहॅममध्ये भाड्याने राहतो. फोनवर सहज म्हणाला, “काका, आमच्या घरमालकाकडे लायसन्स आहे.”

“कसलं? बंदुकीचं?” मी घाबरून विचारलं.

“नाही हो. घर भाड्याने द्यायचं!”

ऐकावं ते नवलच. पण खरं आहे. इंग्लंडमध्ये 2004 साली ‘हाउसिंग अ‍ॅक्ट’ झाला. वेगवेगळ्या कुटुंबांतली पाच किंवा जास्त माणसं एका घरात स्वयंपाकघर-न्हाणीघर वाटून राहत असतील, तर मालकाला स्थानिक कौन्सिलचं लायसन्स लागतं. शिवाय एखाद्या भागात भाड्याच्या घरांची दशा वाईट असेल, तर कौन्सिल तिथल्या सगळ्याच मालकांना ते सक्तीचं करू शकतं. न्यूहॅमने 1 जानेवारी 2013 पासून सबंध भागात तसं केलं. तिथे परसातल्या शेडमध्ये माणसं भाड्याने ठेवलेली सापडत होती. लायसन्स जास्तीत जास्त पाच वर्षांचं. फी मालकाने भरायची. गॅस असेल तर दरवर्षी तपासणीचा दाखला. आणि त्या वाटून राहायच्या घरांत एका प्रौढ माणसाची झोपायची खोली निदान 6.51 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 70 चौरस फूट हवी. तेवढ्यात गिरगावात एक संसार, एक शिवणयंत्र आणि मुक्कामाला आलेले मामा मावतात, हा भाग निराळा.

पण सगळ्यात मौज पुढेच आहे. मालक हा ‘फिट अँड प्रॉपर पर्सन’ आहे की नाही, हे कौन्सिल पाहतं. आपल्या भाषेत, लायक आहे की नालायक! आपल्याकडे हा निर्णय भाडेकरू पहिल्याच महिन्यात, पाणी गेल्यावर, तोंडी देऊन टाकतो. तिथे तो कागदोपत्री होतो. मालकाने कुणाला फसवलंय का, मारामारी केली आहे का, रंग किंवा वंश पाहून धंद्यात भेदभाव केला आहे का, भाडेकरूंचे कायदे मोडलेत का, हे सगळं बघतात. भेदभावाचं कलम ऐकल्यावर ‘फक्त आपल्यातल्यांनाच’ जागा देणारे आमच्या ओळखीचे अनेक सज्जन माझ्या डोळ्यांसमोरून ओळीने गेले.

आता कुणी म्हणेल, चांगुलपणा काय लायसन्सने येतो? मुळीच येत नाही. ड्रायव्हिंग लायसन्स खिशात ठेवूनच माणसं फुटपाथवर गाड्या चढवतात. शिवाय सरळ मालक फी भरतो, ती भाड्यात वसूल करतो, आणि लबाड मालक लायसन्सच्या वाटेला जातच नाही. ही तक्रार तिथेही चालते आणि ती खोटी नाही. माझी स्वतःचीही कागदावर फारशी श्रद्धा नाही. आयुष्य कागदातच गेलं की माणसाचं असं होतं.

पण बँकेत बसून एक गोष्ट कळते. आमच्या काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाकडे आम्ही फोटो मागतो, पत्ता मागतो, कर्ज हवं असेल तर जामीनदार मागतो. त्यामुळे जगात सगळे संशयित आणि आपण तेवढे सोवळ्यात, असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात 1949 च्या बँकिंग कायद्याच्या 22 व्या कलमाप्रमाणे बँकेलाच रिझर्व्ह बँकेचं लायसन्स लागतं. का? तर लोकांचा पैसा आमच्या हातात असतो. लायसन्स म्हणजे आम्ही साधुसंत असल्याचा दाखला नव्हे. आम्ही तसे नसलो तर ते काढून घेणारा कुणीतरी वर आहे, एवढाच त्याचा अर्थ. घराचंही तेच. भिंती मालकाच्या असतात, पण आत लागणारी झोप भाडेकरूची असते. ती दुसऱ्याच्या भिंतींच्या भरवशावर लागते.

आमच्या हेडकॅशियरना हे पटत नाही. त्यांचा एक ब्लॉक आहे, भाड्याने द्यायचा. गेल्या महिन्यात एक तरुण जागा पाहायला आला. सगळी कागदपत्रं दिली, डिपॉझिट कबूल केलं, आणि जाता जाता नम्रपणे विचारलं, “काका, बाथरूममधला गॅस गीझर कधी तपासून घेतला होता? आणि हवा जायला झरोका नाही का?” हेडकॅशियर अजून तापलेले आहेत. “माझ्या घरात राहणार आणि मलाच प्रश्न विचारणार?”

मुलाने काही शिवी दिली नव्हती. बंद न्हाणीघरात गॅस गीझर चालला की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि आंघोळीला गेलेला माणूस बाहेर येत नाही. अशा बातम्या आपण वाचलेल्या आहेत. तरी राग येतो. कारण गरजवंताला प्रश्न विचारला की ती चौकशी, आणि देणाऱ्याला विचारला की तो उद्धटपणा, हे आपलं जुनं व्याकरण आहे. ते कौन्सिल तेवढंच बदलू पाहतं. ज्याच्या हातात किल्ली, त्यालाही दोन प्रश्न.

तो मुलगा जागा न घेता गेला. दुसरा भाडेकरू आला. त्याने काहीच विचारलं नाही. “अगदी सज्जन माणूस!” असं हेडकॅशियर म्हणतात. मी त्या सज्जनाला जिन्यात गाठून सांगितलं, की आंघोळ करताना दार थोडं किलकिलं ठेवत जा. तो माझ्याकडे असा काही बघायला लागला, की मी निमूटपणे खाली उतरलो. सांगणार तरी कोणत्या अधिकाराने? माझ्याकडे ना घर, ना लायसन्स.

हल्ली रोज सकाळी कॅश उघडताना मी हेडकॅशियरना विचारतो, “भाडेकरू दिसला का हो आज?” त्यांना वाटतं, मी भाड्याबद्दल विचारतोय. खुशीत सांगतात, “एक तारखेला, न चुकता!”