सर्व्हिसपूर्वीचे काही क्षण



संध्याकाळी चर्चच्या सभागृहात युवकांचे बॅडमिंटन सुरू असते, तेव्हा पाच मिनिटे थांबून पाहावे. शटल हवेत असताना सगळे सारखेच धावतात. शटल हातात असते तेव्हा मात्र प्रत्येक जण निराळा दिसतो. कोणी सर्व्हिस करण्यापूर्वी शटलची पिसे दोनदा सारखी करतो, कोणी रॅकेटची मूठ बोटांत गरगर फिरवतो. एक मुलगी बुटांचे तळवे हाताने पुसते. आधी उजवा, मग डावा, कधी उलट नाही. पलीकडे सर्व्हिस घेणारा जागच्या जागी उड्या मारतो, कपाळावरचा घाम बाहीला पुसतो आणि मगच रॅकेट वर धरून स्थिर होतो. काही जण क्रुसाची खूण करतात.

या सवयींना म्हणावे तरी काय? तयारी, नुसता चाळा, की अंधश्रद्धा? प्रश्न खेळाचा वाटतो. पण परीक्षेला ठरावीक पेनच नेणारा विद्यार्थी, दुकानाचे कुलूप तीनदा ओढून पाहणारा दुकानदार आणि वेदीवर जाण्यापूर्वी ठरलेल्या क्रमाने वस्त्रे चढवणारे आम्ही धर्मगुरू, यांपैकी कोणीच या प्रश्नाच्या बाहेर नाही.

यातल्या काही सवयींना सरळ कारण आहे. शटलला 16 पिसे असतात आणि त्याचे वजन साडेपाच ग्रॅमपेक्षा जास्त नसते. एवढ्या हलक्या वस्तूचे एक पीस वाकले तरी ती हवेत डगमगते. तेव्हा पिसे पाहणे शहाणपणाचेच आहे. बुटाला धूळ लागली की पाय घसरतो, तळहात घामेजला की रॅकेट निसटते. येथपर्यंत कोणाची हरकत नाही. परंतु पिसे सरळ असूनही ती दोनदाच कुरवाळायची, एकदा नव्हे, तीनदा नव्हे, हे कशासाठी?

मला वाटते, याचे मूळ सर्व्हिसच्या स्वरूपातच आहे. बाकीच्या प्रत्येक फटक्याला प्रतिस्पर्धी आपल्याला घाई करतो. विचाराला सवडच नसते, हात आपोआप चालतो. सर्व्हिसला कोणी घाई करीत नाही. शटल आपल्या हातात, वेळ आपल्या हातात. आणि नेमका तेथेच माणूस घाबरतो! जुन्या पद्धतीत सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळत असे. सर्व्हिस चुकली तर गुण जात नसे, फक्त सर्व्हिस जात असे. 2006 साली 21 गुणांची पद्धत आली आणि प्रत्येक रॅलीला गुण मिळू लागला. आता चुकलेल्या सर्व्हिसची किंमत लगेच फलकावर दिसते. स्वातंत्र्याचा तो छोटासा क्षण पेलवत नाही म्हणून माणूस त्यात एक ठरलेला क्रम भरतो. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1948 साली कबुतरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने दाणे मिळत. कबुतर काय करते याच्याशी दाण्यांचा काहीही संबंध नव्हता. तरीही थोड्याच वेळात एक कबुतर पिंजऱ्यात गोल फिरू लागले, दुसरे मान झटकू लागले. दाणे आले त्या वेळी जे काही चालले होते, तेच दाणे आणते असा जणू त्यांचा समज झाला. स्किनरने त्याला अंधश्रद्धा म्हटले. कबुतराच्या मनात काय चालते हे त्याला कसे कळले, हा तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला पडणारा प्रश्न आहे, पण तो बाजूला ठेवू. कबुतर आणि खेळाडू दोघांच्या हालचाली बाहेरून सारख्याच दिसतात, एवढे मात्र खरे.

मग फरक कोठे? टेनिसपटू राफाएल नदालच्या पाण्याच्या दोन बाटल्या अनेकांनी टीव्हीवर पाहिल्या असतील. 2024 मध्ये तो निवृत्त झाला तोवर त्या बाटल्या खुर्चीसमोर ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिशेलाच उभ्या असत. आपल्या आत्मचरित्रात त्याने यावर खुलासा केला आहे. त्याचा आशय असा की, ही अंधश्रद्धा असती तर हरल्यावरही मी तेच का करत राहिलो असतो? डोक्यात जी शिस्त हवी, तीच तो भोवताली मांडत होता. हा खुलासा मला पटतो. त्याच्या बाटल्या त्याला जिंकून देत नव्हत्या आणि त्याने त्यांच्याकडून तशी अपेक्षाही केली नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्यातलेच सांगतो. बारावीतला एक मुलगा सर्व्हिसपूर्वी गळ्यातल्या मरियामातेच्या पदकाला हात लावीत असे. आधी एकदा. एक सामना हरल्यावर दोनदा. मग हात लावून चुंबन घेणे आले, त्यानंतर खांद्याला स्पर्श. जिंकला की श्रेय पदकाला. हरला की आपलेच काहीतरी करायचे राहिले. असा विधी कधीच खोटा ठरत नाही, कारण प्रत्येक पराभव त्यालाच खतपाणी घालतो. एका स्पर्धेच्या सकाळी साखळीची कडी तुटली. मुलगा खेळला, हरला आणि रात्री त्याने मला विचारले, “फादर, मरियामाता माझ्यावर रागावली का?” त्याची आई सोबत होती. ती म्हणाली, “फादर, पोरगा देवाचं नाव घेतो, त्यात वाईट काय?”

आईचा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी संत थॉमस अक्वायनस यांनी जवळजवळ हाच प्रश्न घेतला होता: पवित्र वचने लिहून गळ्यात घालावीत का? त्यांनी ते निषिद्ध ठरवले नाही. देवावर आणि संतांवर भरवसा ठेवून कोणी ती घातली, तर त्यात दोष नाही. पण अक्षरे अमुकच पद्धतीने लिहिलेली हवीत, किंवा अवशेषाची डबी त्रिकोणीच हवी, असे कोणी म्हणू लागला, तर त्याचा भरवसा देवावरून उठून डबीच्या आकारावर गेला. त्याला त्यांनी अंधश्रद्धा म्हटले. अंधश्रद्धा म्हणजे देवाला गरजेपेक्षा जास्त देणे नव्हे, तर भलत्याच रीतीने देणे, असे त्यांचे विवेचन आहे. पदकाला कितीदा हात लावला हे मोजणारा मुलगा त्या त्रिकोणी डबीपाशी पोहोचला होता.

मी त्याला पदक काढून ठेव असे सांगितले नाही. एवढेच विचारले, “समोरच्या मुलाच्या गळ्यात पदक होते का?” तो म्हणाला, “होतं. तोही आपलाच, शेजारच्या धर्मग्रामातला.” मग बराच वेळ कोणीच काही बोलले नाही. आईनेच विषय बदलला.

हे झाले खेळाडू आणि देव यांच्यातले. पण नेटपलीकडे तिसरा कोणी उभा असतो, आणि नैतिक प्रश्न मला खरा तेथे दिसतो. सर्व्हिस होईपर्यंत दोघांच्याही दोन्ही पायांचा काही भाग जमिनीला टेकलेला आणि जागेवर स्थिर हवा, असा नियम आहे. म्हणजे मी सर्व्हिसच्या पवित्र्यात पिसे कुरवाळतो, तेव्हा दुसरा माणूस माझ्यासाठी खिळून उभा असतो. माझी मनःशांती त्याच्या वेळातून येते. दोघेही तयार झाल्यावर विनाकारण विलंब करू नये, असे नियम सांगतो. रॅकेट मागे नेऊन झाली की त्यानंतरचे थांबणे हाही विलंबच. दुहेरीत काही जण मुद्दाम शटल धरून रेंगाळतात, समोरच्याचा तोल जावा म्हणून. त्यांचे मन शांतच असते. दुसऱ्याचे बिघडवण्यासाठी तो विधी असतो. अशा विधीला मी तयारी म्हणणार नाही, मग पंचांनी तो चालवून घेतला तरी.

मोठ्या खेळाडूंनाही ही रेषा सांभाळणे अवघड जाते. ऑक्टोबर 2023 मध्ये डेन्मार्क ओपनच्या उपांत्य सामन्यात पी. व्ही. सिंधू आणि स्पेनची कॅरोलिना मारीन यांच्यात शाब्दिक चकमक झाली आणि पंचांनी दोघींनाही पिवळे कार्ड दाखवले. कोणाचे किती चुकले हे येथे बसून ठरवण्याची मला हौस नाही. मुद्दा एवढाच की एकीची आरोळी हे तिचे बळ असते, तर दुसरीला तोच त्रास. आणि दुसरीला दोन श्वास जास्त हवे असतात, ते पहिलीला वेळकाढूपणा वाटतात. दोघींनाही आपण फक्त तयारी करतो आहोत असेच वाटत असणार.

ॲरिस्टॉटलने सद्गुण हा सवयीतून घडतो असे म्हटले. न्याय्य कृती करत करत माणूस न्यायी होतो. मग सर्व्हिसपूर्वीच्या त्या दोन-तीन सेकंदांतही काहीतरी घडत असणारच. म्हणून आपल्या मुलांना प्रशिक्षण देणाऱ्यांना माझी एक सूचना आहे. पिसे पाहा, बूट पुसा, श्वास घ्या, क्रुसाची खूण करायची असेल तर मनापासून करा, आणि शेवटची नजर नेटपलीकडच्या डोळ्यांकडे जाऊ द्या. तो तयार आहे का हे पाहण्यासाठी. समोरचा तयार होण्यापूर्वी सर्व्हिस करू नये, असे नियमही म्हणतो. हा शेवटचा टप्पा मुलांना सहसा कोणी शिकवत नाही.

सर्व्हिस घेणाऱ्यासाठी त्याच नियमात एक पुस्ती आहे, आणि ती मला फार आवडते. त्याने शटल परतवण्याचा प्रयत्न केला, की तो तयार होता असेच धरले जाते. हात वर करून “थांब” म्हणण्याची मुभा त्याला आहे. पण एकदा रॅकेट फिरवली की “माझे अजून व्हायचे होते” हे कोणी ऐकत नाही.