पगार आणि शांती

‘पगार’ हा शब्द आपण अस्सल मराठी समजून वापरतो. परंतु तो पोर्तुगीजांकडून आला आहे. ‘पागार’ म्हणजे देणे चुकते करणे. त्याचे मूळ लॅटिन ‘पाकारे’, अर्थात शांत करणे. आणि त्याच्याही मुळाशी ‘पाक्स’, शांती. इंग्रजीतील ‘पे’ आणि ‘पीस’ ही याच घरची भावंडे. धनकोचे देणे फेडून त्याचे मन शांत करावे, असा हा अर्थ.

या अर्थाने श्रम करणारा धनको आणि काम घेणारा ऋणको. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील उसाच्या फडात मात्र हे नाते उलटे होते. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतली की कष्टकरीच ऋणको ठरतो. नवराबायको मिळून ‘एक कोयता’. तिच्या श्रमाचा वेगळा हिशेब नाही.

केवळ व्युत्पत्तीने नीती सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. तथापि पोप तेरावे लिओ यांनीही १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात बजावले, की करार झाला एवढ्याने वेतन न्याय्य होत नाही. त्यावर श्रमिकाचा निर्वाह झाला पाहिजे.

मिस्सात आपण एकमेकांस शांती देतो. आपल्या शेतातील वा घरातील मजुराचे देणे थकले असेल, तर ती शांती अद्याप द्यावयाची राहिली आहे.