हजेरीचें बक्षीस

प्राथमिक शाळेचें वर्ष संपत आलें म्हणजे तिच्या आवारांत कांहीं दिवस मोठी धांदल दिसते. ठेवणींतल्या लेझमी बाहेर निघतात, व्हरांड्यांतल्या दोऱ्यांवर मुलांनीं काढलेलीं चित्रें टांगलीं जातात, मुलांचा भाजीबाजार भरतो, पाढ्यांच्या व पाठांतराच्या चढाओढी होतात, आणि शेवटीं एके संध्याकाळीं गांवकऱ्यांसमोर गाणीं, नाटुकलीं व बक्षीससमारंभ होऊन वर्षाचा हिशेब पुरा होतो. निकालपत्रक पुढें बहुधा १ मे रोजीं हातांत पडतें. परंतु मुलाच्या मनांत वर्षाचा निकाल लागतो तो या संध्याकाळींच.

अशा समारंभास बाहेरचा एक पाहुणा लागतो, व आमच्यासारख्या महाविद्यालयीन अध्यापकाचें नांव त्या वेळीं सहज सुचतें. कांहीं वर्षांपूर्वीं आटपाडी तालुक्यांतील एका लहानशा शाळेंत हें काम आमच्याकडे आलें होतें. तेथें बक्षिसें देतां देतां आमच्या तोंडून एक वाक्य गेलें. कोणीं त्यास हरकत घेतली नाहीं. उलट टाळ्याच पडल्या. पण तें वाक्य खरें नव्हतें हें आम्हांस त्याच ठिकाणीं कळून चुकलें, आणि शाळेनें मुलांच्या कर्तबगारीचा गौरव करावा तो कोणत्या न्यायानें, हा प्रश्न तेव्हांपासून आमच्या मागें लागला आहे.

आटपाडी हा माणदेशाचा मुलूख. सह्याद्रीला अडलेला पाऊस येथवर पोंचेपर्यंत बहुतेक सरून जातो, आणि माणगंगेचें पात्र वर्षांतले कित्येक महिने वाळूचेंच असतें. टेंभू योजनेनें कृष्णेचें पाणी उचलून या बाजूस आणलें, डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या, हें खरें. तथापि पोटासाठीं गांव सोडण्याची येथील रीत पिढ्यान् पिढ्यांची आहे. मेंढपाळ मेंढरांमागें जातात. कोणी सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठीं देशांतल्या दूरदूरच्या शहरांत जाऊन राहतात. आणि ज्यांच्याजवळ ना मेंढरें ना धंद्याचें कसब, अशांपैकीं कांहीं कुटुंबें दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन ऊसतोडीस निघतात, तीं उन्हाळा लागल्यावर परततात. शाळेचें वर्ष जूनच्या मध्यास सुरू होऊन एप्रिलअखेर संपतें. उसाचा हंगाम त्या वर्षाच्या ऐन मध्यभागीं येऊन पडतो.

त्या संध्याकाळीं पुष्कळ बक्षिसें झालीं. धांवण्याचीं, हस्ताक्षराचीं, वक्तृत्वाचीं. त्यांत एक बक्षीस वर्षभर एकही दिवस न चुकवितां शाळेंत आल्याबद्दल होतें, व तें चौथींतल्या एका मुलास मिळालें. मुलगा गोड होता, नीटनेटका होता, व त्याचें घर शाळेच्या कुंपणाला लागूनच होतें असें मागाहून कळलें. त्याच्या हातांत पुस्तक ठेवून आम्हीं सभेस म्हटलें, "धांवण्याला पायांत जोर लागतो, गाण्याला गळा लागतो, पण हजेरीला निश्चयाखेरीज कांहीं लागत नाहीं. हें बक्षीस ज्याला हवें त्याला मिळवितां येतें." खालीं बसलेल्या मुलांच्या दुसऱ्या ओळींत एक मुलगी फार मोठ्यानें टाळ्या वाजवीत होती. आमच्या शेजारच्या खुर्चीवरच्या बाई हलक्या आवाजांत म्हणाल्या, "सर, ती त्याच वर्गातली. ऊसतोडीवरनं येऊन बारा दिवस झालेत. आल्या दिवशी दप्तर घेऊन दारात उभी राहिली, आणि पहिलं काय विचारलं, तर 'बाई, पुस्तक कुठवर आलंय?'"

बाईंच्या सांगण्यांत आमच्यावर टीका नव्हती. त्या एका गुणी मुलीची ओळख करून देत होत्या. पण आमचें वाक्य अजून कानांत ताजें होतें, व त्याला तेवढें उत्तर पुरेसें होतें.

तें वाक्य कोठें चुकलें हें आधीं नीट पाहूं. ज्याला जें योग्य तें त्याला देणें म्हणजे न्याय, ही समजूत फार जुनी आहे. ॲरिस्टॉटलनें आपल्या राजनीतिविषयक ग्रंथांत बासरीचा दाखला घेतला आहे. चांगल्या बासऱ्या वाटावयाच्या असतील तर त्या कोणास द्याव्या? उच्च कुळांतल्यास नव्हे, देखण्यास नव्हे, तर जो उत्तम वाजवितो त्यास. बक्षीससमारंभ याच विचारावर उभा आहे: गुण ज्याचा, मान त्याचा. परंतु गुण ज्याच्या ठिकाणीं दिसला त्याचाच तो सर्वस्वीं असतो काय? जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञानें १९७१ सालच्या आपल्या न्यायविषयक ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, जन्मजात बुद्धि जशी कोणी कमावलेली नसते, तशी प्रयत्न करण्याची तयारीसुद्धां बऱ्याच अंशीं घर व परिस्थिति यांच्यामुळें येते. हें आम्ही वर्गांत शिकवीत आलों, त्यावर परीक्षेंत प्रश्नही घातले. तरी व्यासपीठावर उभे राहतांच आम्हीं पाय आणि गळा दैवाच्या खात्यावर मांडले आणि निश्चय तेवढा मुलाच्या स्वतःच्या खात्यावर जमा केला. हजेरीपटांत त्या मुलीच्या नांवापुढें ज्या गैरहजेरीच्या खुणा पडल्या होत्या, त्यांचा संबंध तिच्या आळसाशीं नव्हता. तिच्या बापानें मुकादमाकडून घेतलेल्या उचलीशीं होता. जें बक्षीस "ज्याला हवें त्याला" मिळतें असें आम्हीं म्हटलें, तें तिला हवें असूनही मिळण्याजोगें नव्हतें. आणि आमच्या शब्दांचा सरळ अर्थ घेतला तर तें तिला नकोच होतें असें आम्हीं चारचौघांत जाहीर केलें होतें.

येथें एक वाजवी आक्षेप निघतो. प्रत्येक गुणामागें परिस्थितीच आहे असें म्हणूं लागल्यास कोणाचाच गौरव करतां येणार नाहीं. त्या मुलाचें घर शाळेजवळ असेल. पण अंगांत कसकस असतांना, बाहेर पाऊस असतांना, मामाच्या गांवीं जत्रा असतांना तो शाळेंत आला, हें कांहीं कुंपणानें केलें नाहीं. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. किंबहुना तो आम्ही आणखी पुढें नेतों. परिस्थितीच्या नांवानें मुलाचें श्रेय काढून घेतलें, तर त्याच हिशेबानें मुलीचेंही श्रेय हातचें जातें. दारांत उभी राहून तिनें जो प्रश्न विचारला, तोही मग कोणत्या तरी परिस्थितीचाच परिणाम ठरेल, आणि तिचें कौतुक करण्यासही आपणांस तोंड उरणार नाहीं. तेव्हां स्तुति खोटी नव्हे. मुलगा नियमित आला हें म्हणणें खरेंच होतें. खोटी होती ती त्या स्तुतींत दडलेली तुलना. जीं दोन मुलें एका रेषेवरून निघालींच नाहींत, त्यांच्यांत पुढें कोण व मागें कोण हें सांगण्याचा अधिकार आमच्याकडे नव्हता.

शाळेचें यश मोजून दाखवितां आलें पाहिजे हा हट्ट कांहीं नवा नाहीं. इंग्लंडांत रॉबर्ट लो याच्या पुढाकारानें १८६२ सालीं जी सुधारित नियमावलि अमलांत आली, तिनें प्राथमिक शाळांचें अनुदान मुलांची हजेरी आणि वाचन, लेखन व गणित यांची परीक्षा यांच्याशीं बांधून टाकलें. मॅथ्यू आर्नोल्ड हा कवि व टीकाकार त्या वेळीं शाळांचा तपासनीस होता. या पद्धतीनें शिक्षण यांत्रिक होतें, अशी तक्रार त्यानें आपल्या अहवालांतून पुनःपुनः केली, व शतक संपण्यापूर्वीं ती पद्धति तेथें मोडीत निघाली. जें सहज मोजतां येतें तेंच मोलाचें मानण्याचा मोह मात्र मोडीत निघाला नाहीं.

आमच्याकडे त्या मोहाला उत्तर म्हणून दुसरें टोंक गांठलें गेलें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर महाराष्ट्रांत २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलें. पहिला-दुसरा क्रमांक मागें पडून श्रेणी व वर्णनात्मक नोंदी आल्या. हेतु चांगला होता, आणि मुलाच्या कपाळीं लहानपणींच नापासाचा शिक्का बसूं नये या मताचे आम्हीही आहों. परंतु अनेक प्रगतिपुस्तकें आमच्या पाहण्यांत आलीं, त्यांत "वर्गकार्यांत उत्साहानें भाग घेतो", "हस्ताक्षर सुंदर आहे" अशीं एकाच सांच्यांतलीं वाक्यें एकामागून एक येतात. कित्येक समारंभांत प्रत्येक मुलाला कांहीं तरी बक्षीस देऊन कोणी नाराज होणार नाहीं अशी तजवीज केलेली असते. मुलें अशा गोष्टींना फसत नाहींत. धांवण्यांत शेवटून दुसरा आलेल्या मुलास आपण शेवटून दुसरे आलों हें चांगलें ठाऊक असतें. त्याला दिलेलें पदक तो दोन दिवस मिरवील; पण मोठीं माणसें कौतुक करतांना खोटें बोलतात, हा धडा मात्र तो जन्मभर विसरणार नाहीं. सर्वांस सारखी स्तुति वांटणें म्हणजे कोणाकडेही नीट न पाहणें होय.

या तालुक्यांत तिसरेंही एक समाधान नेहमीं ऐकूं येतें. १९१९ सालीं शेटफळे येथें जन्मलेले ग. दि. माडगूळकर मॅट्रिकच्या परीक्षेंत नापास झाले; त्यांचे धाकटे बंधु व्यंकटेश माडगूळकर यांचें शालेय शिक्षण अपुरेंच राहिलें; आणि १९२१ सालीं आटपाडींत, अस्पृश्य मानलेल्या समाजांत जन्मलेले शंकरराव खरात पुढें मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरु झाले. १९७३, १९८३ व १९८४ या सालीं हे तिघे अनुक्रमें मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. एवढ्याशा दुष्काळी मुलुखाला याचा अभिमान वाटावा हें रास्तच आहे. म्हणून वक्ते सांगतात, मुलांनो, आज बक्षीस नसेल तर खंत करूं नका, उद्यां तुम्हीही मोठे व्हाल. यांत दिलासा आहे, पण विचार तोच आहे. क्रमांकाची पूजा येथेंही सुटली नाहीं, निकालाची तारीख तेवढी पुढें ढकलली. ती मुलगी पुढें कोणी मोठी झाली नाहीं, चार घरच्या बायांसारखी राबत राहिली, तर तिचा तो दारांतला प्रश्न कमी मोलाचा ठरेल काय? आमच्या मतें नाहीं. त्याचें मोल त्या दिवशींच पुरें झालें होतें.

व्यंकटेश माडगूळकरांच्याच "बनगरवाडी" या १९५५ सालच्या कादंबरीचें येथें स्मरण होतें. औंध संस्थानांतल्या एका धनगरवस्तीवर तरुण मास्तर येतो. शाळा आहे पण मुलें नाहींत, कारण तीं मेंढरांमागें आहेत. हळूहळू वस्तीचा विश्वास बसतो, शाळा भरूं लागते, गांवकऱ्यांच्या श्रमांनीं तालीम उभी राहते. आणि मग दुष्काळ येऊन वाडी ओस पडते. त्या मास्तरानें वर्षअखेरचा अहवाल लिहिला असता, तर त्यांत दाखविण्याजोगें काय उरलें असतें? पटावर मुलें नाहींत, निकाल नाहीं. तरी त्याचें काम फुकट गेलें असें तें पुस्तक वाचून कोणी म्हणणार नाहीं. आपण तें काम होतांना पाहिलेलें असतें, एवढेंच त्याचें कारण.

आमचें म्हणणें याच ठिकाणीं येऊन ठेपतें. शाळेनें केलेला गौरव ही एक साक्ष आहे, आणि साक्षीला जे नियम लागू तेच गौरवाला लागू. साक्षीदारानें स्वतः पाहिलेलें सांगावें. जेवढें पाहिलें तेवढेंच सांगावें. आणि ज्याच्याविषयीं सांगावयाचें त्याच्याविषयींच सांगावें. शर्यतींत जो पहिला आला तो पहिला आला असें खुशाल म्हणावें, कारण तेथें सर्वजण एका रेषेवरून निघालेले डोळ्यांनीं दिसतात. परंतु वर्षभराच्या कर्तबगारीस रेष प्रत्येकाची निराळी. तेथें मूल जूनमध्यें कोठें होतें व आतां कोठें आहे, एवढेंच सांगणें प्रामाणिक होय. याच आटपाडीजवळ औंध संस्थानानें १९३९ सालीं स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत काढली आणि भिंतींऐवजीं विश्वासावर भिस्त ठेवून त्यांना कुटुंबासह शेती करूं दिली. माणसाची जुनी नोंद हेंच त्याचें सर्वस्व न मानतां आज तो काय करतो तें पाहावें, हें तत्त्व जेथें शिक्षा झालेल्या माणसांपुरतें मान्य झालें, तेथें तें नऊ-दहा वर्षांच्या मुलांपुरतें मान्य होण्यास अडचण नसावी.

अडचण आहे ती निराळी. अशी साक्ष देण्यास पाहावें लागतें, आणि पाहण्यास वेळ लागतो. दोन शिक्षकांनीं चार-पांच वर्ग सांभाळावयाचे, वर माहितीचे तक्ते भरावयाचे, अशा शाळेंत प्रत्येक मुलाविषयीं एक खरें वाक्य लिहिणें हें हलकें काम नव्हे. तरी तें होऊं शकतें याचा पुरावा त्या संध्याकाळीं आमच्या शेजारींच बसला होता. बाईंना तें वाक्य पाठ होतें. फक्त तें कार्यक्रमपत्रिकेंत नव्हतें.

आम्हीं त्या दिवशीं उठून आपली चूक दुरुस्त केली नाहीं. त्या मुलाच्या आनंदावर विरजण पडूं नये, व त्या मुलीच्या गरिबीचें सभेंत प्रदर्शन होऊं नये, अशीं कारणें आम्हीं मनाशीं दिलीं. तीं सर्वस्वीं खोटीं नव्हतीं. पण त्यांत आमच्या संकोचाचाही वांटा होता. समारंभ आटोपल्यावर फाटकाशीं ती दिसली, तेव्हां आम्हीं एवढेंच विचारलें, "पुस्तकांतले किती धडे राहिले?"

"तीन," ती म्हणाली, आणि मैत्रिणींमागें पळाली.

ती साखरहंगामांत बुडालेले धडे बारा दिवसांत एकामागून एक भरून काढीत होती. आम्ही व्यासपीठावर असतांना सभेस सांगण्याजोगी गोष्ट ही होती.