मुलांची खेळणी, हरवणारे तुकडे व आपले कारभारीपण

एका खेड्यातील मंडळीच्या उपदेशक बंधूंनी आम्हांस एक प्रश्न विचारला आहे. वरवर पाहता तो इतका क्षुल्लक वाटतो की, या पत्राच्या स्तंभांत त्यास जागा द्यावी काय, अशी कोणासही शंका येईल. त्यांच्या शब्बाथशाळेस मुंबईच्या एका कुटुंबाने आपल्या मुलांची जुनी खेळणी पाठविली. त्यांत रंगीत ठोकळ्यांचा एक डबा, तुकडे जुळवून चित्र करण्याचा एक खेळ व एक कॅरम अशा वस्तू होत्या. तीन महिन्यांच्या आत चित्रातील घोड्याचे तोंड नाहीसे झाले, ठोकळे निम्मे राहिले, आणि कॅरमच्या सोंगट्या किती उरल्या हे कोणीच सांगू शकेना. मंडळीतील एका वडील गृहस्थांचे म्हणणे असे पडले की, दानाच्या वस्तूंची अशी नासाडी होऊ देणे हे पाप आहे. यास्तव उरलेली खेळणी कपाटात कुलूप लावून ठेवावी व नाताळच्या दिवशी मात्र बाहेर काढावी. हे योग्य आहे काय, असे उपदेशक बंधू विचारतात.

आम्हांस हा प्रश्न मुळीच क्षुल्लक वाटत नाही. याच चुकीच्या पायी आम्ही एकदा एका लेकराचे मन दुखविले आहे. ती हकीकत पुढे सांगू.

प्रथम त्या कुलुपाविषयी. वडील गृहस्थांचा हेतू चांगला आहे. दान देणाऱ्याविषयी आदर बाळगणे, वस्तू वाया न घालविणे, हे आपल्या लोकांनी शिकावे असेच आहे. पाच हजारांचे भोजन झाल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करावयास लाविले व बारा टोपल्या भरल्या, हे योहानाने लिहून ठेविले आहे. परंतु मत्तयाच्या 25 व्या अध्यायात एका चाकराचा दाखला आहे, तोही या गृहस्थांनी पुनः वाचावा. त्या चाकराने धन्याचे द्रव्य जमिनीत पुरले व जसेच्या तसे परत आणून दिले. त्यातून एक कवडीही हरवली नव्हती. तरी दोष त्यालाच लागला. कुलुपातले खेळणे पूर्ण राहते हे खरे, पण ज्या खेळण्याने कोणी खेळत नाही त्याचे सगळे तुकडे हरवल्यासारखेच आहेत, असे आमचे मत आहे.

आता, खेड्यातील मुले निष्काळजी असतात म्हणून तुकडे हरवतात, असे जे म्हटले जाते त्याविषयी. आमचे बालपण खेड्यात गेले. आमची खेळणी म्हणजे ज्वारीच्या चिपाडांची गाडी, पोळ्याचे मातीचे बैल, चिंचोके आणि सागरगोटे. गाडीचे चाक तुटले तर शेताच्या बांधावर दुसरे चिपाड होते. सागरगोटा घरंगळून गेला तर काट्यांच्या जाळीत आणखी शेंगा होत्या. परमेश्वराच्या सृष्टीत जो तुकडा हरवे त्याचा जोड तेथेच मिळे, म्हणून तो मोजण्याची आम्हांस गरज पडली नाही. कारखान्यातून निघालेल्या खेळण्याची रीत निराळी आहे. त्याचा एकेक तुकडा ठरलेल्या मापाचा असतो, आणि घोड्याचे तोंड गेले म्हणजे त्या मापाचे दुसरे तोंड साऱ्या तालुक्यात सापडत नाही. ही विद्या मुलास कोणी शिकविली नसेल तर तिच्या अभावास दुर्गुण म्हणणे अन्यायाचे आहे.

हे आम्हांस आधी कळले असते तर बरे झाले असते. काही वर्षांपूर्वी आम्ही मुंबईच्या उपनगरांत, मुलुंड व घाटकोपर या बाजूस, एका लहान मंडळीची सेवा करीत होतो. त्या मंडळीत अहिल्यानगर (तेव्हाचे अहमदनगर) व जालना या जिल्ह्यांकडून पोटासाठी आलेली कुटुंबे पुष्कळ होती. कोणी टेकडीवरच्या झोपड्यांत राहत, कोणास पुनर्वसनाच्या इमारतीत 225 किंवा 269 चौरस फुटांची खोली मिळालेली. अशा घरात पाच-सहा माणसांची अंथरुणे, चूल, पाण्याची पिंपे व मुलांची दप्तरे. खेळण्याचा डबा ठेवावा कोठे? म्हणून रविवारी उपासनेनंतर मुलांस खेळावयास मिळावे यासाठी आम्ही उपासनेच्या खोलीत एक कॅरम ठेविला होता. कॅरमच्या सोंगट्या 19 असतात: 9 काळ्या, 9 पांढऱ्या आणि एक लाल राणी. एका रविवारी राणी दिसेना.

शेवटी खेळलेल्या मुलांत एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा होता. तो गावाहून येऊन एक महिनाही झाला नव्हता. बाकीच्या मुलांनी त्याच्याकडे पाहिले, आणि आम्हीही पाहिले. आम्ही त्यास सर्वांदेखत खिसे उलटे करावयास सांगितले. खिशात एक चिंचोका व दुमडलेले तिकीट निघाले. राणी नव्हती. आम्ही “बरे, जा” एवढेच म्हणालो. पुढच्या रविवारी तो आला नाही, आणि त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. मुले बाटलीच्या बुचास लाल रंग फासून त्याची राणी करून खेळू लागली.

नाताळच्या झाडलोटीत बाजाची पेटी हलविली, तेव्हा तिच्याखाली राणी सापडली.

आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. बापाने घाईने खुर्ची पुसून दिली व म्हणाला, “पाळकसाहेब, लेकराचं काय एवढं मनावर घेता? तुम्ही मोठी माणसं.” आम्ही मुलाजवळ क्षमा मागितली. तो दाराच्या चौकटीस टेकून उभा होता. काही बोलला नाही. बापाने दटावले तरी बोलला नाही, आणि त्याने बोलावे असा आमचा काय हक्क होता? पुढील रविवारी आम्ही सर्व मुलांपुढे आमची चूक कबूल केली. तो मुलगा त्या दिवशी तेथे नव्हता. ईस्टरनंतर तो आईबरोबर येऊ लागला, पण कॅरमजवळ जाण्यास त्याने आणखी पुष्कळ दिवस लाविले.

त्यानंतर आम्ही लूकाच्या 15 व्या अध्यायातील दहा नाण्यांचा दाखला निराळ्या दृष्टीने वाचू लागलो. त्या बाईचे एक नाणे हरवते. ती दिवा लावते, घर झाडते, मन लावून शोधते. शेजारणींस ती बोलाविते खरी, पण नाणे सापडल्यावर, आनंदात भागी होण्यास. आधी त्यांच्या पदराच्या गाठी सोडून पाहत नाही. नाणे कोणी हरविले, याचा त्या दाखल्यात उल्लेखदेखील नाही. आम्ही झाडणी हाती घेण्याच्या आधी खिसे पाहिले, येथेच चुकलो.

तर मग हरविणे हे पाप आहे काय? जुन्या करारातील नियमशास्त्र याविषयी आपल्या कित्येक आईबापांहून अधिक विचाराने बोलते. निर्गमाच्या 22 व्या अध्यायात चोरी, ठेव म्हणून ठेविलेल्या वस्तूची हानी, आणि मागून आणलेल्या जनावराची हानी, यांचा निवाडा वेगवेगळा केला आहे. तिन्हींस एकच शिक्षा नाही. शिवाय तेथे असे आहे की, मागून आणलेले जनावर मेले किंवा जखमी झाले आणि धनी त्या वेळी जवळच होता, तर भरपाई मागू नये. आम्ही यावरून असे समजतो की, मोठे माणूस खोलीत बसलेले असता खेळण्याचा तुकडा गेला, तर त्या हानीचा वाटा त्या मोठ्या माणसाचाही आहे. लहान मूल विसरते, हा दोष नव्हे, वय आहे. माहीत असून लपविणे हा दोष आहे. आणि मूल बहुधा लपविते ते भीतीपोटी. ज्या घरी ठोकळा हरविल्याबद्दल थप्पड मिळते, त्या घरातले मूल ठोकळे सांभाळावयास शिकत नाही, ते खोटे बोलावयास शिकते. तेच मूल पुढे मंडळीचा खजिनदार होईल, हे ध्यानात असू द्यावे.

सांभाळावयास शिकविण्याची रीत आपल्या घरांत जुनी आहे. ती आपण विसरलो नाही, फक्त खेळण्यांस लावीत नाही. लग्नकार्यात शेजारपाजारची भांडी मागून आणतात. प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेले असते. कार्य उरकल्यावर बाया ती घासतात, नावे पाहून वेगळी करतात, मोजतात, आणि ज्याची त्याच्या घरी पोचती करतात. मुली हे पाहतात. म्हणून भातुकलीतील बोटाएवढी सांडशी व पळीदेखील कित्येक घरांत आईकडून लेकीकडे जशीच्या तशी आलेली दिसते. आईच्या मांडणीत जे जेथे, तेच भातुकलीच्या मांडणीत तेथे. तेथे जागा ठरलेली आहे, आणि जागा ठरलेली असली म्हणजे मोकळी जागा आपोआप डोळ्यांत भरते.

थोर शिक्षकांसही हेच सुचले. बालोद्यानाचा जनक फ्रेडरिक फ्रोबेल हा जर्मनीतील एका लूथरन पाळकाचा मुलगा. त्याने 1837 मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी काम आरंभिले. त्याच्या खेळण्यांतील तिसरे म्हणजे आठ लहान घनांचा मिळून झालेला एक मोठा घन. तो लाकडी पेटीत असे. पेटी पालथी घालून, झाकण सरकवून अशी उचलावयाची की, मुलापुढे प्रथम अखंड घन उभा राहावा. खेळ संपल्यावर मुलाने तो पुनः अखंड करून पेटीत ठेवावयाचा. आवरणे ही खेळानंतरची शिक्षा नव्हती, ती खेळाची शेवटची पायरी होती. मारिया मॉन्टेसरीबाई 1939 मध्ये हिंदुस्थानात आल्या. त्यांच्या साधनांत लाकडी ठोकळ्यातील दहा भोकांत बसणाऱ्या दहा दट्ट्या असतात, प्रत्येकीचे माप निराळे. एक नसली तर एक भोक रिकामे राहते. मुलास कोणी रागे भरावे लागत नाही, भोकच सांगते.

पण ही साधने महाग, असे आमचे उपदेशक बंधू म्हणतील. त्यांनी बोरीवलीहून डहाणूकडे जाणाऱ्या रेल्वेचा रस्ता मनात आणावा. त्याच बाजूस, घोलवड स्थानकाजवळील बोर्डी गावी, ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र काढिले, व 1957 मध्ये ते काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. मॉन्टेसरीबाईंचे तत्त्व त्यांनी घेतले, पण वारली मुलांसाठी साधने केली ती बिया, शिंपले, खडे, पाने यांची. म्हणजे तुकडा गेला तर रानात दुसरा आहे, आणि तरीही मोजणे, जुळविणे व जागेवर ठेवणे मूल शिकतेच. आमच्या मते खेड्यातील शब्बाथशाळेने आरंभ येथून करावा. चिंचोक्यांवर हात बसला म्हणजे मग कारखान्याचे खेळणे द्यावे.

कामाच्या दोन-चार गोष्टी सांगतो. एका वेळी एकच खेळ काढावा. जमिनीवर जुनी चादर पसरून तिच्यावरच खेळू द्यावे. शेवटी चार कोपरे उचलले की सगळे तुकडे मध्ये येतात. जुन्या लुगड्याची नाडीची पिशवी किंवा बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुरतो, त्यावर तुकड्यांची संख्या रंगाने लिहावी. खेळण्यापूर्वी व नंतर मुलांनीच मोठ्याने मोजावे. दोन वर्षांच्या मुलाकडून याची अपेक्षा करू नये. चार वर्षांचे जागेवर ठेवू शकते, सातांचे मोजू शकते. कमी भरले तर सर्वांनी मिळून शोधावे, आणि शिक्षकाने आधी गुडघे टेकावे.

तान्ह्या मुलांविषयी मात्र कडक असावे. जो तुकडा मुलाच्या तोंडात पुरता मावतो तो तीन वर्षांखालील मुलाच्या हाती लागू देऊ नये. घशात अडकून जीव जातो. चपटी गोल बॅटरी किंवा लोहचुंबकाचे तुकडे गिळल्याचा संशय आला तरी वाट न पाहता इस्पितळ गाठावे. बॅटरी अन्ननलिका दोन तासांच्या आतदेखील जाळू शकते. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर 1 जानेवारी 2021 पासून आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे झाले आहे. जत्रेत खेळणे घेताना ते पाहावे. मोजण्याचे हे आणखी एक कारण: न सापडलेला तुकडा कोठे असेल, ते सांगता येत नाही.

हरवलेल्या तुकड्याऐवजी दुसरा लगेच आणावा काय? आम्ही आणू नये असे म्हणतो. शिक्षा म्हणून नव्हे, तर रिकामी जागा मुलाने काही दिवस पाहावी म्हणून. तोवर खेळ बंद ठेवू नये. बूच, खडा, बटण, काहीही चालते. पुठ्ठ्यावर घोड्याचे तोंड मुलांनीच काढावे; खऱ्याहून बरे निघेल. आणि कोणास दुसऱ्याचा तुकडा सापडला, तर अनुवादाच्या 22 व्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे तो जपून ठेवून परत द्यावा. देणाऱ्यास “तुझ्याकडे कसा आला?” असे विचारू नये.

आमच्या त्या कॅरमची राणी परत आली तेव्हा आम्ही बुचाची राणी टाकून द्यावयास निघालो. मुलांनी टाकू दिली नाही. ती तिकडे अजून पिशवीत आहे, आणि सोंगट्या मोजताना मुले 20 पर्यंत मोजतात.