पाठ कुणाची?

14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दिलेल्या 22 प्रतिज्ञांपैकी तिसरी गौरी-गणपती न मानण्याची. आमच्या हमरापुरात, शेजारच्या जोहे गावात, पोटं चालतात गणपतीच्या कारखान्यांवर. म्हणून एक पोरगा मला विचारतो, मूर्ती मानत नाही, तर ती करणाऱ्याचं दुखणं आपण का मानायचं?

प्रश्न खरा आहे. पण मूर्ती नाकारली म्हणून माणूस नाकारता येत नाही. तासन्‌तास उकिडवा बसून, मान खाली, हात अधांतरी धरून जो डोळे आखतो त्याच्या मणक्याला कुठला देव?

आणि दुसऱ्याच्या कारखान्यात डोकावण्याआधी आपल्या छापखान्यात बघू. 1920 ला ‘मूकनायक’ निघालं तेव्हापासून आपली चळवळ कागदावर चालली. कागद आपोआप छापत नाही. ट्रेडलवर एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्यानं पायटा मारायचा, उजव्या हातानं कागद लावायचा, डाव्यानं काढायचा. हजार पत्रकं म्हणजे हजार वेळा. मी केलंय ते काम. उभ्या पायाची टाच ठणकायची, आणि दुसरा पाय झोपेतही पायटा मारायचा. ट्रेडल गेलं, ऑफसेट आलं. रिमं अजून माणूसच वाकून उचलतो.

बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते. 1946 च्या दुरुस्तीनं कारखान्यातला आठवडा 48 तासांवर आला. 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 44 होतं : उभं राहून काम करणाऱ्याला मधे टेकायला बैठक द्या. साधं स्टूल! पण मूळ कायदा विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगारांपासून पुढं. तीन माणसांचा छापखाना त्यात कुठं बसतो?

आणि आपण? तेरा एप्रिलच्या रात्री दारात उभे. ‘जयंतीचं काम आहे, सकाळी पायजे म्हणजे पायजे. पैशाचं बघू.’ मालक परका असता तर आपणच मोर्चा काढला असता. इथं मात्र त्याची कंबर समाजाची, असं परस्पर ठरवून मोकळे! त्याग ज्याचा त्यानं ठरवायचा असतो. दुसऱ्याच्या पाठीवर ठरवलेल्या त्यागाला आपल्या बापजाद्यांच्या वेळी वेठ म्हणत.

कुणी म्हणेल, मग पत्रकं उशिरा निघतील. नाही निघणार. मजकूर दोन दिवस आधी द्या. आपल्या पुढाऱ्यांना शेवटच्या रात्रीपर्यंत नवी विशेषणं सुचत राहतात, तेवढी गाळा. पैसे कागदाबरोबर मोजा. आणि मशीनजवळ एक स्टूल ठेवा, आपल्या वर्गणीतून.